ताईनं मला का न्हाई सांगितलं?

“मॅडम, छातीत गाठ लागली म्हणजे कॅन्सरच असतो का?”

किमयानं उभं राहून विचारलं. भरे गावातल्या शाळेत मुलींशी बोलायला आलेल्या डॉक्टरबाईंना हे विचारून दाखवायची पैज मैत्रिणींनीच लावली होती. आता त्याच मैत्रिणी ओढणीत तोंड खुपसून बसल्या होत्या. बाई मात्र हसल्या नाहीत.

“तरुण मुलींच्या छातीतल्या बहुतेक गाठी साध्या असतात,” त्या म्हणाल्या. “बोटाखाली गोटीसारखी सरकते, ती बऱ्याचदा फायब्रोअ‍ॅडिनोमा. तो कॅन्सर नव्हे. पण ते डॉक्टरांनी तपासून, सोनोग्राफी करूनच ठरवायचं, घरच्या घरी नाही.”

पैज जिंकल्याच्या तोऱ्यात किमया घरी आली... आणि आतल्या खोलीची कडी पुन्हा आतून लागलेली!

रेश्माताईचं लग्न ठरल्यापासून हे असंच. आज या भावकीत केळवण, उद्या त्या. ताईच्या ताटाभोवती रांगोळी, ताईलाच साडी, आणि परत आलं की ताई अन् आई दार लावून आत. लहानपणापासून एका गोधडीत निजलेली, होणाऱ्या नवऱ्याशी, निरंजनशी, झालेलं भांडणसुद्धा आधी किमयाला सांगणारी ताई आता फक्त आईची झाली होती... मत्सरानं किमयाचं काळीज नुसतं करपत होतं.

“उघडा,” तिनं दारावर थाप मारली. “गुपचूप सोनं देतीयस व्हय गं तिला?”

दार उघडलं. ताई पाठमोरी, ब्लाउज सावरत होती. आईच्या हातातल्या वाटीत आंबेहळदीचा लेप.

“वरडू नगं,” आई कुजबुजली. “तिच्या छातीत गाठ हाय. लेपानं बसंल लग्नापतुर. सासरी कळलं तर सोयरीक मोडंल.”

“मीच मोडणार हाय,” ताई भिंतीकडे बघत म्हणाली. “निरंजनच्या घरात दुखणं घेऊन कशाला जाऊ...”

“मला का न्हाई सांगितलंस?” किमयानं ताईला आपल्याकडं वळवलं.

“तू रडली असतीस, येडे.”

“मग रडले असते की. तुझ्याबरोबर.”

आणि दोघी खरंच रडल्या... तशा रडण्यातच किमयानं शाळेतलं सगळं सांगितलं. “सरकती का गं?” तिनं विचारलं. ताईनं मान डोलावली. आईनं वाटी हळूच खाली ठेवली.

तेवढ्यात वडील, आप्पा, डेअरीला दूध घालून आले. किमया त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“आप्पा, उद्या मामाकडं केळवणाला आमी येणार न्हाई. ताईच्या छातीत गाठ हाय. तिला पिरंगुटला दवाखान्यात नेणार हाय.”

आप्पा खाटेवर टेकले. “अगं, लग्न तोंडावर... मानसं काय म्हनतील?”

“आधी डॉक्टर काय म्हणतात ते ऐकू. लग्नाचं नंतर ताई ठरवंल.” मग ती आईकडे वळली. “तू बी चल. पण तपासताना ताईचा हात मी धरणार. तू भाईर बसायचं.”