छत्र्या आणि पावाचा देश

“बाई, पुस्तक गेल्याच आठवड्यात पोहोचलंय. ‘दारात ठेवले’ अशी नोंद आहे इथे,” अभ्यासकेंद्राचा कारकून फोनवर जांभई देत म्हणाला.

बेबीने फोन ठेवला नाही, आपटला.

बेचाळिशी उलटली तरी घरात ती बेबीच होती. गोदामातली नोकरी सांभाळून घरबसल्या पदवी करत होती. सगळे विषय सुटले, स्थूल अर्थशास्त्र तेवढं गेल्या वर्षी राहिलं. यंदा पुस्तकच बदललं. जुनं रद्दीत गेलं. सोमवारी परीक्षा, आणि ही शेवटची संधी. पास झाली तर परगावच्या गोदामाची प्रमुख. नाही तर जागा दुसऱ्याची.

पार्सलला काही पाय फुटत नाहीत. आणि घरात तिच्याखेरीज माणसं तीन.

वहिनी इस्त्री करत होती.

“माझं पार्सल पाहिलंस?”

“मला काय करायचंय तुमचं पार्सल, बेबीताई? इथे मान वर करायला फुरसत नाही.”

“मी गेले तर सगळं तुझ्या गळ्यात पडेल, असं शेजारणीला म्हणालीस ना?”

“म्हणाले! खोटं आहे का ते? म्हणून चोरी करीन?” इस्त्री धाडकन आदळली.

रात्रपाळी करून आलेला दादा पांघरुणातूनच बोलला, “बेबे, मी दिवसा झोपतो. दारात हत्ती बांधला तरी मला पत्ता लागायचा नाही. आणि शिकून काय दिवे लावणार आहेस गं?”

उरले अप्पा. खिडकीजवळच्या खुर्चीत, काळा चष्मा लावून. डोळे अधू झाल्यापासून वडलांचं सगळं बेबीच करत होती. आंघोळीचं पाणी, औषधं, रोजचं वर्तमानपत्र वाचून दाखवणं.

“अप्पा, दारात कुणी आल्याचं ऐकलंत?”

“आंधळ्याला काय विचारतेस? आणि सोड तो नाद. ज्या देशात नुसत्या छत्र्या आणि पाव होतात, त्याचे हिशेब करून कुणाचं भलं झालंय?”

बेबीने पायात चपला सरकवल्या आणि तडक अभ्यासकेंद्र गाठलं.

केंद्रात एकच प्रत होती, तीही बाहेर न्यायला बंदी. तिने पहिला धडा उघडला. ‘समजा, एका देशात फक्त छत्र्या आणि पाव तयार होतात...’

तिच्या जुन्या पुस्तकातला देश बूट आणि संत्र्यांवर जगत होता.

“सर, हे उदाहरण आधी कुठे होतं का हो?”

“छे! यंदाच घातलंय. माझं स्वतःचं आहे,” नवं पुस्तक लिहिणारे केंद्राचे शिक्षक खुशीत म्हणाले.

घरी येऊन तिने दादाला उठवलं, वहिनीला बाहेर बोलावलं. मग वर्तमानपत्र घेऊन अप्पांना खेटून बसली.

“महागाईचा दर घसरला,” तिने मोठ्याने वाचलं.

“घसरला कुठे? वाढला लिहिलंय!” अप्पा खेकसले.

दादाची झोप खाडकन उडाली. वहिनीने तोंडावर हात ठेवला.

“छत्र्या आणि पाव फक्त नव्या पुस्तकात आहेत, अप्पा. पार्सल फोडल्याशिवाय ते कुणाला कळायचं नाही.” बेबीने वर्तमानपत्र घडी करून ठेवलं. “आधी वाटलं, या दोघांपैकी कुणी पळवलं असेल आणि तुमच्याजवळ बोललं असेल. खात्री करायला म्हणून मुद्दाम चुकीचं वाचलं. तुम्ही माझ्या बरोबरीने ओळ वाचत होतात. डोळे कधी बरे झाले?”

अप्पांनी गादीखालून पुस्तक काढून पुढे केलं. “डोळ्यांत घालायचे नवे थेंब लागू पडले. बेबी, तू गेलीस तर माझं कोण करणार?”

“विचारलं असतंत तर सोय लावून गेले असते. तुम्ही आंधळेपण पांघरलंत! कामावर उशिरा पोहोचून मी बोलणी खात होते, तेव्हा तुम्ही इथे बसून माझं पुस्तक वाचत होतात.”

“जाऊ दे ना आता,” दादा पुटपुटला. “म्हातारा माणूस... त्यांचं कोण बघणार?”

“बाई ठेव. पगार दे. मी घरात बिनपगारी राबले ते या पुस्तकाच्या मोजणीतही येत नाही. पगारी बाई आली की निदान देशाचं उत्पन्न तरी वाढेल!”

वहिनीला हसू आवरलं नाही.

बेबीने खोलीत जाऊन कडी लावली. बाहेर अप्पांनी चहा मागितला. पुन्हा मागितला. कुणी हललं नाही. शेवटी खुर्ची करकरली. अप्पा तरातरा स्वयंपाकघरात गेले आणि जराही न चाचपडता त्यांनी फळीवरच्या एकसारख्या, नुसती नावं लिहिलेल्या डब्यांमधून नेमका साखरेचा डबा काढला.