पिवळ्या मफलरचा कैदी

तो दारातून आत आला तेव्हा मी माझ्या लेकीसाठी, मेबलसाठी द्राक्षं चिरत होते. उभी, एकेकाच्या चार फोडी करून. अख्खं द्राक्ष चार वर्षांच्या मुलीच्या घशात कसं अडकतं याचा एक व्हिडिओ मी कधीतरी पाहिला होता, आणि तेव्हापासून द्राक्ष दिसलं की माझा हात सुरीकडे जातो. बाहेर बारीक पाऊस भुरभुरत होता. त्याचे थेंब त्याच्या केसांवर तसेच बसले होते, आणि गळ्यात... गळ्यात पिवळा मफलर होता.

सगळ्या शेफर्ड्स पबच्या माना त्याच्याकडे वळल्या.

"फोन जरा चार्जिंगला लावता येईल का?" त्यानं विचारलं.

"आला बाई एकदाचा," मॉरीन बारमागून म्हणाली. पब तिचा, आवाजही तिचाच. "टेस, तुझा कैदी आला. बांध त्याला."

आमच्या रेवन्सबीचा रंग निळा. पलीकडच्या मॉसगेटचा पिवळा. मध्ये फक्त एक टेकडी, पण दोन्ही गावांचे फुटबॉल संघ भिडतात त्या दिवशी ती टेकडी हिमालयाएवढी होते. त्या टेकडीवरच हॉस्पिस आहे. दोन्ही गावांची माणसं शेवटचे दिवस शांतपणे काढायला तिथेच जातात, आणि तिथे कुणी कुणाचा रंग विचारत नाही. म्हणून माझ्या बाबांनी, म्हणजे लेननी, आणि मॉसगेटच्या नॉर्मननं ही प्रथा पाडली. सामन्याच्या दिवशी मॉसगेटचा एक माणूस कैदी म्हणून आमच्या पबमध्ये यायचा, बहुतेक वेळा नॉर्मनच; या वर्षी त्यानं दुसऱ्याला धाडलं असं आम्ही धरून चाललो. त्याला खुर्चीला बांधायचं. बारच्या वर एक जुना खाटकाचा तराजू टांगलेला, त्याच्या दोन बाजूंना दोन बादल्या. पिवळीत पैसे टाकणारे म्हणणार, सोडा त्याला. निळीत टाकणारे म्हणणार, ठेवा त्याला. अडीचच्या ठोक्याला पिवळं पारडं जड असेल तर कैदी सुटला. निळं जड असेल तर त्यानं आमचा निळा शर्ट घालायचा आणि आमच्यात बसून सामना बघायचा. पैसे दोन्ही बादल्यांतले हॉस्पिसलाच, रात्री घरोघरी जाऊन आजाऱ्यांच्या उशाशी बसणाऱ्या नर्ससाठी.

जेलर नेहमी बाबा असायचे. या वसंतात त्यांनी त्याच टेकडीवर शेवटचा श्वास घेतला. आता तुरुंगाची ती मोठी खोटी किल्ली माझ्या गळ्यात होती, आणि सकाळपासून माझे डोळे दाराकडे होते. कुणी आलंच नाही तर? बाबांची गोष्ट माझ्या हातात विझली तर? पिशवीच्या तळाशी, ओले रुमाल, मलमपट्ट्या आणि मेबलचे जादा मोजे यांच्याखाली त्यांची बाटली होती. वर्षभर खिशातली उरलेली नाणी ते तिच्यात टाकायचे आणि आजच्या दिवशी ओतायचे. या वर्षीची अर्धीच भरली होती. आणली तर होती मी... ओतवेल असं वाटत नव्हतं.

"एक मिनिट, मी फक्त—" तो माणूस म्हणाला.

"सगळे असंच म्हणतात," कुणीतरी ओरडलं.

मी दोरीऐवजी निळा मफलर घेऊन त्याच्यासमोर गेले. त्यानं माझ्या गळ्यातल्या किल्लीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ओठाचा एक कोपरा किंचित हलला. आणि त्यानं दोन्ही हात पुढे केले.

"बांधा."

मी बांधलं. हात गार होते त्याचे, बोटांना वंगणाचा वास.

"घट्ट झालं का?"

"कैद्याला असं विचारतात?"

"मी पहिल्यांदाच जेलर झालेय."

"मग जमेल आपलं. मीही पहिल्यांदाच कैदी झालोय."

त्याचं नाव फर्गस. मी त्याच्यावर लक्ष ठेवून होते. लक्ष ठेवणं हे एकच काम मला नीट येतं. त्याला छळायला मॉरीननं टीव्हीवर मागच्या वर्षीचे आमचे गोल लावले. पहिला गोल झाला आणि बांधलेल्या हातांनी तो मनापासून टाळ्या वाजवायला लागला.

मी त्याच्याकडे वाकले. "तुमच्या गोलकीपरचं नाव काय हो?"

"उंच आहे तो," फर्गस म्हणाला.

"सगळेच उंच असतात."

त्यानं इकडेतिकडे पाहिलं. मग हळूच, "मफलर आज सकाळी हॉस्पिसच्या दुकानातून घेतला. गार वाजत होतं. रंग आवडला..."

रंग आवडला. आमच्याकडे असं कुणी म्हणत नाही. आमच्याकडे माणूस रंगात जन्मतो आणि त्याच रंगात पुरला जातो.

"मग सांगितलं का नाहीत?"

"सांगणारच होतो. तेवढ्यात तुम्ही मला बांधायला आलात."

माझे कान तापले. खरं तर तेव्हाच मॉरीनला सांगायला हवं होतं. पण मी बारवरचा एक थेंब पुसला, जो तिथे नव्हताच. आता आम्हा दोघांचं मिळून एक गुपित झालं होतं. कितीतरी दिवसांनी माझ्याकडे असं काहीतरी होतं जे काळजी नव्हतं.

मेबल पहारा द्यायला त्याच्या शेजारच्या खुर्चीवर चढून बसली. बारवरच्या वाडग्यातलं एक द्राक्ष तिनं उचललं. मी चार पावलं लांब होते. माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत फर्गस म्हणाला, "थांब गं राणी, हे चिरलेलं नाहीय. आईकडून फोडी करून आणू या का?"

मी जागच्या जागी उभी राहिले.

"बहिणीचा मुलगा आहे," माझ्या चेहऱ्याकडे बघत तो म्हणाला. "उभी चिरायची, आडवी नाही. तिनं माझी परीक्षा घेतली होती."

लोक फुलांवर भाळतात, कुणी गाण्यावर. मी उभ्या चिरलेल्या द्राक्षावर भाळले, काय करणार. मेबलचा बाप ती सहा महिन्यांची असताना जरा मोकळी हवा घ्यायला स्पेनला गेला, आणि तिकडची हवा त्याला मानवली. तेव्हापासून आमच्या दाराला मी दोन कड्या लावते.

"इथे कशासाठी आला होतात?" मी विचारलं.

"हॉस्पिसची लिफ्ट दुरुस्त करायला. काल झाली."

"ती? माझे बाबा तिच्यातून खाली बागेत यायचे. फार कुरकुरायची."

"आता नाही कुरकुरत."

"अरेरे," माझ्या तोंडून निघून गेलं.

तो हसला नाही. "थोडीशी ठेवलीय. वरच्या मजल्यावरच्या एका आजींनी बजावलं मला. म्हणाल्या, ती कुरकुरली की कळतं, कुणीतरी भेटायला येतंय."

मला पटकन दुसरीकडे बघावं लागलं.

"आणि आता?"

"सव्वातीनची गाडी. अबर्डीनला मोठं काम मिळतंय. आज संध्याकाळपर्यंत हो-नाही सांगायचंय. हॉस्पिसवाले म्हणतात इथेच राहा, आमच्याकडे रोज काहीतरी मोडतं. पण..." त्यानं खांदे उडवले. "लिफ्ट सोडली तर या गावात माझ्या ओळखीचं कोण आहे?"

"आता जेलर आहे," मी म्हणाले, आणि आपणच हे म्हणालो याचा धक्का बसून ग्लास पुसायला पळाले.

तेवढ्यात दार उघडलं आणि नॉर्मन आला. दारात मावत नाही एवढा माणूस, नखशिखांत पिवळा. बस चुकली होती त्याची. खरा कैदी तोच.

"माझ्या खुर्चीत कोण बसलंय?"

मॉरीननं नॉर्मनकडे पाहिलं, मग फर्गसकडे, मग माझ्याकडे. नॉर्मन जवळ आला. त्यानं फर्गसच्या मफलरचं टोक दोन बोटांत धरलं. "माझ्या बायकोनं, डॉटीनं विणलाय हा. टोकाशी आली की हमखास एक टाका गाळायची. ती गेल्यावर मीच दुकानात देऊन टाकला." फर्गस तो काढायला धडपडला, पण हात बांधलेले. "असू दे, असू दे. शोभतोय तुला. मला एवढंच सांग पोरा, आपला गोलकीपर कोण?"

फर्गसनं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे.

"उंच आहे तो," मेबल म्हणाली.

नॉर्मननं मेबलकडे पाहिलं, बांधलेल्या हातांकडे पाहिलं, माझ्या लाल झालेल्या कानांकडेही पाहिलं असावं. "बरोबर," तो गंभीरपणे म्हणाला. "आमचाच आहे हा. आणि आमच्या पोरानं निळा शर्ट घालायचा? मी जिवंत असेपर्यंत नाही."

त्यानं फोन लावला, आणि पुढच्या बसमधून अख्खं मॉसगेट उतरलं. पब गच्च भरला. भिजलेल्या कोटांचा वास, भट्टीतून निघालेल्या गरम मीट-पायचा वास, एकमेकांवर ओरडणारे निळे-पिवळे, आणि बादल्यांत पडणारी नाणी... पडतायत, पडतायत. बाबांची गोष्ट विझली नव्हती, भडकली होती. पण पिवळी बादली खाली खाली येत होती.

"टाका की रे निळीत," मी आमच्यांना म्हणाले.

"याला शर्ट घालून काय मजा?" आमचे म्हणाले. "नॉर्मनला घालायचा असता तर घर विकून पैसे टाकले असते."

दोन वाजून गेले. पिवळं पारडं बारला टेकायला आलं.

"सुटताय तुम्ही," मी फर्गसजवळ जाऊन म्हणाले. "गाडी मिळेल."

"हो. मिळेल."

"सामान?"

"स्टेशनवर ठेवलंय."

"बरं झालं... जेवला नाहीत काही. गाडीत एक मीट-पाय घेऊन जा. गरम असेल तर आधी फुंकर मारा."

तो माझ्याकडे बघत राहिला. "फुंकर मारेन," तो म्हणाला.

मी बारमागे येऊन उभी राहिले. शेगडी बंद केली का, मी तीनदा बघते. दार लावलं का, जिन्यावरून परत येऊन बघते. पण माणूस आपला होईल का, हे आधी तपासून बघायची काही सोय नाही. बाबा म्हणायचे, टेस, शिट्टी वाजायच्या आत तू हरायची तयारी करून बसतेस. मी पिशवीत हात घातला. मोजे, मलमपट्ट्या, ओले रुमाल... आणि गार काच.

मी बाटली वर उचलली तेव्हा सगळ्यात आधी नॉर्मनला कळलं. त्यानं टोपी काढली. "लेनची बाटली," तो हळूच म्हणाला, आणि त्याच्यामागे एकेक टोपी उतरत गेली.

बूच निघेना. मग निघालं. मी स्टुलावर चढले आणि निळ्या बादलीवर बाटली उलटी धरली.

पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज झाला. बाबांच्या खिशांतली सगळी नाणी, बसची, पेपरची, चिप्सच्या दुकानातली, धडाधड खाली गेली. तराजूची दांडी करकरली, थांबली, विचार केल्यासारखी हलली... आणि झुकली. आमच्या बाजूला.

मॉरीननं घंटा बडवली. "अडीच. पारडं निळं."

जो कल्ला उठला त्यात मी स्टुलावरून कशी उतरले आठवत नाही. रिकामी बाटली छातीशी धरून मी कैद्यासमोर उभी होते.

"कैद्याला काही म्हणायचंय?"

"कैदी शिक्षेवर खूश आहे," फर्गस म्हणाला. मग आवाज खाली आणून, "पण मला एक सांग, जेलर. ही बाटली हॉस्पिससाठी ओतलीस, की..."

"हॉस्पिससाठी," मी म्हणाले.

त्यानं मान हलवली.

"आणि तू जाऊ नयेस म्हणून," मी म्हणाले. "दोन्हीसाठी. तुझी गाडी चुकेल. अबर्डीनचं मोठं काम आहे तुझं, मला ते कळतं. मला तुझं आडनावसुद्धा माहीत नाही. आणि मी फार काळजी करते, हे आत्ताच सांगून ठेवते. सगळ्याचीच करते."

"मी लिफ्ट दुरुस्त करतो, टेस," तो म्हणाला. "काळजी करणाऱ्या माणसांशिवाय आमचा धंदा चालत नाही. आता हात सोडतेस? शर्ट घालायचाय."

गाठ माझीच होती आणि मलाच सुटेना. नॉर्मननं पुढे होऊन सोडवली. "डॉटीलाही गाठी सोडवता यायच्या नाहीत," तो कुणालाच उद्देशून म्हणाला.

शर्ट नॉर्मनच्या मापाचा आणला होता. फर्गसच्या गुडघ्यांपर्यंत आला. वर पिवळा मफलर त्यानं काढला नाही, आणि मैदानात आमच्या रांगेत त्याच्यावर जे काही ओरडलं गेलं ते मेबलच्या कानांवर हात ठेवूनच ऐकावं लागलं. एका कानावर माझा हात. दुसऱ्यावर त्याचा.

आमच्या बाकांच्या मागे रेल्वेचा उंच दगडी पूल आहे. सामना सुरू होऊन थोडा वेळ झाला असेल, तोच मला ती घरघर ऐकू आली. मी मागे वळले. तोही वळला. पावसातून, दिवे लावून, सव्वातीनची गाडी पुलावरून चालली होती.

"चुकली?" मी विचारलं.

"चुकली," तो म्हणाला. मेबलच्या डोक्यावरून त्याचा हात माझ्या हातावर आला. आता गार नव्हता. शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत आम्ही तसेच पाठमोरे उभे होतो...

आणि एकदम सगळं मैदान फुटलं. माणसं एकमेकांच्या अंगावर पडली, मेबलला कुणीतरी उचलून धरलं, आणि मी तिच्या बुटाला घट्ट पकडून ठेवलं.

त्या सामन्यात एकच गोल झाला, आणि तो आमचा होता. अजूनही शेफर्ड्समध्ये त्याची चर्चा निघते: किती लांबून मारला, कसा वळला, त्यांचा उंच गोलकीपर कसा नुसता बघत राहिला. आम्ही दोघं तिथे होतो, तिसऱ्या रांगेत, अगदी मधोमध. आम्हाला काही विचारू नका.