चौथं पॅकेट

"ताई, माझ्या लेकाला, मुजफ्फरला पोलिसांनी नेलं हो! म्हणत्यात, त्यानंच आबांना पाण्यात ढकललं!" सायराबानू मत्स्यप्रकल्पाच्या जळोचीतल्या ऑफिसात शिरल्या त्या रडतच.

तिथला कॅमेरा सांभाळणाऱ्या आसावरीनं त्यांना खुर्चीत बसवलं. प्रकल्पाचे मालक दत्तोपंत आबा सकाळीच पळसदेवच्या जुन्या देवळापाशी धरणाच्या पाण्यात मृत सापडले होते. काल संध्याकाळी त्यांना माशांच्या पिंजऱ्यांच्या तराफ्यावर होडीनं सोडणारा मुजफ्फरच.

तराफ्यावरच्या कॅमेऱ्याची चित्रं टॉवर-टॉवर करत या ऑफिसात यायची. नेमका मुजफ्फर पोचल्यानंतरचा भाग गायब!

"पाण्यावरनं सिग्नल तुटतोच," आबांचा पुतण्या मिहिर म्हणाला. "तू त्या चौथ्या पॅकेटांचा कचरा साठवतेस, काय उपयोग झाला?"

आसावरी कॉम्प्युटरला चिकटून बसली. बिचारा मुजफ्फर, मुंगीलाही न दुखावणारा माणूस!

फौजदार योगिनीबाई आल्या. "मिहिर, काल संध्याकाळी कुठं होतात?"

"इथंच."

"ऑफिसची चावी?"

"माझ्याकडं. आणि आसावरीकडं."

"बाई, सिग्नल तुटलाच नाही," आसावरी म्हणाली. "आम्ही चित्राची छोटी छोटी पॅकेटं करून ती पत्त्यांसारखी पिसून पाठवतो. वाटेत हरवली, तर चित्रात इथंतिथं भोकं पडतात. हा तुकडा सलग गेलाय. पानं पुन्हा ओळीत लागतात ती इथं आल्यावर. म्हणजे कापलं ते याच खोलीत."

मिहिरचा चेहरा उतरला.

"आता मी वेगळा साठवलेला तो कचरा. दर तीन पॅकेटांमागं चौथं जातं, तिघांची बेरीज घेऊन. सायराबानू, तीन टोपल्या मासे एकत्र तोलले आणि एक टोपली बुडाली, तर?"

"दोन तोलायच्या, वजा करायच्या. बुडालेलीचं कळतंय की."

"तसंच. पिसल्यामुळं प्रत्येक तिघं वेगवेगळ्या वेळेची, म्हणून सलग कापूनही तिघांतलं एकच गेलं. सगळी परत मिळाली."

तिनं पडद्यावर चित्र लावलं. मुजफ्फरची होडी लांब चालली होती. तराफ्यावर आबा हात हलवत होते. मग दुसरी होडी लागली. उतरला मिहिर. बाचाबाची, एक धक्का. आसावरीनं मान फिरवली. रोज याच माणसाबरोबर ती चहा प्यायची!

"आबा सगळा प्रकल्प मच्छीमारांना देणार होते," मिहिर पुटपुटला. "मला विचारलंसुद्धा नाही."

योगिनीबाईंनी त्याचा दंड धरला. "मुजफ्फरला सोडा," त्यांनी फोनवर सांगितलं.

सायराबानू पडद्याजवळ सरकल्या. "ताई, जरा मागं घ्या की. आबा हात करत्यात तितं."

आबा पुन्हा हात हलवू लागले.

"माझ्या मुजफ्फरलाच करत्यात, न्हाय?"

"त्यालाच."

सायराबानूंनी तोंडाला पदर लावला. "आता हितंच थांबवा. म्होरचं नगं."