किल्ल्या देवीपुढे ठेवल्या

करवंदगडाच्या पूर्व बुरुजामागे तांबडे फुटले, चौघडा झडला, तरी महादरवाजा उघडला नाही. कारण बाहेर रायवाडीच्या थोरल्या राजाचे सातशे स्वार उभे होते, आणि आत माचीवर त्याच रायवाडीची चारशे माणसे लेकरे उराशी धरून बसली होती.

गादीसाठी भांडले रायवाडीचे दोघे भाऊ, घरे जळाली रयतेची. दसऱ्यास ही माणसे आली तेव्हा गडकऱ्यांनी बेलभंडार उचलून शपथेवर अभय दिले, लेकुरवाळ्यांना आपल्या घरांत निजवले. शिमगा उलटला, टाक्यांचे पाणी तळाला गेले, आणि तेच गडकरी तोंडावर विचारू लागले, "अजून किती दिवस?"

आता गड ज्या दरबारचा, त्याचेच फर्मान आले होते : रायवाडीकर त्यांच्या धन्याच्या हवाली करावेत.

"पंत, बेलभंडार तुम्हीही उचलला होता," किल्लेदार सुभानजी वाघचौरे, फर्मान पाळा म्हणणाऱ्या कोठाराच्या कारखानीस रंगोपंतांवर कडाडले.

"तेव्हा पाणी होते, रावसाहेब," रंगोपंत मान खाली घालून म्हणाले. "आमचीही पोरे तहानेली आहेत."

सुभानजींचा जळफळाट झाला, कारण पंत खोटे बोलत नव्हते.

रायवाडीकरांतली म्हातारी कोंडाबाई पुढे आली. "धनी, आमास्नी द्या त्यांच्या हाती. पोरी तेवढ्या ठेवून घ्या."

सुभानजींनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडला आणि ते थेट देवीच्या देवळात शिरले. गडाचा रिवाज जुना होता : किल्लेदाराने किल्ल्या देवीपुढे ठेवल्या, की नवा किल्लेदार शिक्क्यानिशी येईतो दरवाजा कोणाच्याही हुकमाने उघडायचा नाही.

"रावसाहेब, गर्दन जाईल!" पंत ओरडले.

"जाऊ दे. आजपासून मी येथला कोणी नाही. पाणी वाटीने वाटा, पंत, आणि पहिली वाटी रायवाडीच्या पोरांना."

पंत धुसफुसले, पण वाटी त्यांनीच धरली. नवव्या दिवशी धाकट्या भावाने रायवाडीवर चाल केल्याची खबर आली, आणि स्वार माघारी वळले. बाराव्या दिवशी नवा किल्लेदार आला, तेव्हा रायवाडीकरांना ताब्यात घ्यायला दाराशी कोणी उरले नव्हते. सुभानजींची गर्दन वाचली, वतन मात्र जप्त झाले. ते बायकोसह गड उतरले तेव्हा ज्यांच्यासाठी वर्षानुवर्षे टाकी राखली, त्या गडकऱ्यांपैकी एकही निरोपाला आला नाही.

गड सोडल्याच्या तिसऱ्या दिवशी ऐन उन्हात, बायकोला सावलीत बसवून, ते एका परक्या गावच्या विहिरीवर गेले आणि त्यांनी पाणी मागितले. पाटलाने त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळले.

"पाणी घ्या," तो म्हणाला. "पण राहणार किती दिवस?"