सरासरी घर

मीटर वाचणाऱ्यांना एक खोड असते. घराला कुलूप दिसलं की तसा शेरा मारायचा आणि मग वरून येणाऱ्या कागदांना उत्तरं देत बसायचं, त्यापेक्षा अंदाजाने आकडा ठोकून दिलेला बरा. गल्लीच्या टोकाच्या बंद बंगलीसाठी रीडिंगकाकांनी तीन वर्षं तेच केलं होतं. नवरा-बायको, दोन मुलं, एक फ्रिज, तीन पंखे असा संसार मनातच थाटून ते महिन्याला शंभर युनिट लिहीत. उकाड्यात वीस वाढवत, सुट्टीत मुलं मामाकडे गेली असतील म्हणून तीस उतरवत. बिल मालकाच्या बँक खात्यातून आपोआप जाई, त्यामुळे कुणी ब्र काढला नाही.

संशय आला तो नव्या साहेबांना. "इतकं सरासरी घर माझ्या पाहण्यात नाही," ते म्हणाले. "उद्या मी स्वतः जाऊन बघतो."

काकांची चोवीस वर्षांची नोकरी पणाला लागली होती.

त्याच दुपारी ते एकटेच बंगलीचं गंजलेलं फाटक ढकलून आत शिरले. व्हरांड्यातला मीटर फडक्याने पुसला आणि चक्रावलेच. त्यांनी आज लिहायचा म्हणून मनात धरलेला आकडा तिथे जसाच्या तसा होता. वायरमनने चेष्टा केली म्हणावी, तर सील शाबूत. त्यांनी वर पाहिलं. खांबावरून येणारी तार केव्हाच तुटून पडली होती, तिच्यावर वेल चढला होता. आतून मात्र पंख्याची घरघर येत होती, आणि नुकत्याच फिरवलेल्या इस्त्रीचा वास.

कुणीतरी चोरून राहत असेल, असं त्यांनी स्वतःला बजावलं. पण खिडकीतून दिसली ती रिकामी खोली, आणि जमिनीवरच्या धुळीत एकही पाऊल नव्हतं.

आता खरं ते लिहून मोकळं व्हावं, म्हणून त्यांनी वही उघडून 'वापर शून्य' असं लिहिलं. आतला पंखा मंदावला... थांबला.

"काका," दाराआडून बाईचा आवाज आला, अगदी जवळून. "आमचं काही चुकलं का?"

काका दोन पावलं मागे सरले.

"इथे फार अंधार होतो हो... मुलं घाबरतात."

उद्या साहेब येणार, नोकरी जाणार, माझा नाइलाज आहे, असं काहीबाही ते पुटपुटले. आत कुजबुज झाली, घरातली माणसं मिळून काही ठरवतात तशी.

"एका माणसाला महिन्याला किती युनिट लागतात?" बाईने विचारलं.

"पंचवीस..." सवयीने त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"मग तेवढे वाढवून लिहा. साहेब इथेच राहतील."

साहेब माणूस वाईट नव्हता, परवाच त्यांनी मुलगी झाल्याचे पेढे वाटले होते. तरी काकांनी शून्य खोडलं. एकशे पंचवीस अगदी सुवाच्य उमटलं. आत पंखे पुन्हा फिरू लागले.

दुसऱ्या दिवशी साहेब कचेरीत परतले नाहीत. त्यांचा अहवाल मात्र टेबलावर होता: 'पाच माणसांचं कुटुंब. वापर योग्य. रीडर निर्दोष.' अक्षर साहेबांचंच होतं. तो कुणी आणून ठेवला, हे दारावरच्या शिपायालाही सांगता आलं नाही.