फक्कीच्या रेघेवरचा पाय

भुतं रात्री येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी खानदेशातली वैशाखातली दुपार बघितलेली नाही.

मी मोजणी खात्यात आयुष्य काढलं. जमिनीवर जे दिसतं तेवढंच नकाशावर घ्यायचं, ही आमची सवय. म्हणून हेही जसं झालं तसंच सांगतो. पदरचं काही घातलेलं नाही.

१९८६ सालचा मे महिना. गाव पाचोरा.

शहराची नव्यानं मोजणी चालू होती. कुठली गल्ली सगळ्यांची आणि कुठली खासगी, ते ठरवून नकाशावर घ्यायचं काम माझ्याकडे होतं. बायको धुळ्याला, मी इथं एका खोलीत. दिवसभर रस्ते मोजायचे आणि रात्री हातानं पिठलं करायचं. बोलायला कोणी नव्हतं.

एका बोळापाशी काम अडलं.

दोन्ही बाजूंना घेवरचंद शेठची कापसाची गोदामं. मधून अरुंद वाट. शेवटाला एकच घर, झुंबरबाईंचं. पुढं भिंत. शेठला बोळाच्या तोंडाशी फाटक बसवायचं होतं.

माणूस वाईट नव्हता. चहा पाजूनच बोलायचा.

"साहेब, म्हातारीला मी अडवणार नाही. पण तिच्याशिवाय या वाटेनं येतं कोण? एक माणूस दाखवा. फाटकाचं नाव काढणार नाही."

आमच्या साहेबांचंही तेच म्हणणं. म्हातारीशिवाय दुसऱ्या कोणाची ये-जा दिसली, तरच सार्वजनिक रस्ता. नाहीतर वाट शेठची. मग म्हातारीनं भाजीला जायचं म्हटलं तरी शेठकडून किल्ली मागायची!

मी झुंबरबाईंना विचारायला गेलो. उंबऱ्यावर पाण्याचा भरलेला तांब्या होता. वर फुलपात्र पालथं घातलेलं.

"आक्का, तुमच्याकडे कोण येतं-जातं?"

"मना घरना मानूस येस ना भाऊ. रोज दुपारले येस. उनमा येस, पानी लागस त्याले."

मला हायसं वाटलं. नवरा आहे म्हणजे वाटेनं येणारा दुसरा माणूस मिळाला.

"फाटक लागनं ते तो कथाईन येई, भाऊ?" फाटक लागलं तर तो कुठून येणार, असं त्यांनी विचारलं.

त्यांचे डोळे भरून आले होते. एवढ्याशा गोष्टीला रडायचं काय, असं मला वाटलं.

शेठला फाटक हवं होतं तिथं मी जमिनीवर फक्कीची पांढरी रेघ मारली. मोजणीची साखळी धरणारा वना जेवायला घरी गेला. मी गोदामाच्या पायरीवर, सावलीत नकाशा घेऊन बसलो.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. झळा लागत होत्या. सगळ्या गावाची दारं बंद.

आणि मग...

टप्... घर्रर्र.

टप्... घर्रर्र.

कोणीतरी एक पाय ओढत येत होतं.

मी पेन्सिल चालवत होतो. मान वर न करताच म्हणालो, "भाऊ, जरा रेघ सांभाळून."

पाऊल थांबलं.

अगदी माझ्यासमोर.

मग पुन्हा... टप्... घर्रर्र... बोळात आत गेलं.

आत फुलपात्र वाजलं. मी मान वर केली.

बोळ रिकामा होता.

झुंबरबाईंचं दार उघडं होतं, पण उंबऱ्यावर कोणी नव्हतं. नुसता तांब्या. आडवा पडलेला... आणि खालची जमीन कोरडी.

तेवढ्यात वना आला. मागून शेठही आले. वना रेघेपाशीच थबकला.

"सायेब, हाऊ पाय कोना शे?"

रेघेवर एक पाऊल स्वच्छ उमटलं होतं. शेजारी फक्की फरफटत आत गेलेली. बाहेर येणारं पाऊल नव्हतं.

शेठ खाली वाकले.

"कौतिक," ते हळूच म्हणाले. "म्हातारीचा नवरा. माझ्याकडे हमाल होता. पायावर कापसाची गठाण पडली, तेव्हापासून असाच ओढायचा. दुपारी जेवायला याच वाटेनं घरी जायचा."

"मग आता?"

"वारला, साहेब. दोन वर्षं झाली."

त्यांनी घाम पुसला.

"रस्ता सगळ्यांचा दाखवा. माझी हरकत नाही."

मी तसाच दाखवला.

पुढं ९२ साली पाचोऱ्याला पुन्हा जाणं झालं. झुंबरबाई आदल्या वर्षी गेल्या होत्या. दाराला कुलूप. फाटक मात्र शेठनी शेवटपर्यंत बसवलं नव्हतं. मी मुद्दाम दुपारी त्याच पायरीवर जाऊन बसलो. का बसलो, मला विचारू नका.

टप्... घर्रर्र.

समोरून आत गेलं.

कुलूप वाजलं. एकदा. मग पुन्हा.

मला राहवलं नाही. मोठ्यानं म्हणालो, "आक्का नाहीत आता, भाऊ. घरी कोणी नाही."

कुलूप वाजायचं थांबलं.

मी ऊन उतरेपर्यंत बसून होतो... पाऊल काही परत फिरलं नाही. वाट मी उघडी ठेवली होती, पण पोचायला घरच उरलं नव्हतं. त्या दिवशी मला भीतीपेक्षा वाईट जास्त वाटलं.

आता मी धुळ्यात एकटाच असतो. आमची ही गेली, मुलगी नाशिकला. दुपारी रस्त्यावर पाय वाजले की पेपर खाली ठेवतो. पोस्टमन असतो, शेजारी असतात. पुढं निघून जातात.

मागच्या वैशाखात मात्र एक पाऊल माझ्या दाराशी थांबलं.

ओढत आलेलं.

मी कडी काढली. बाहेर कोणी नव्हतं. नुसतं ऊन.

तरी तोंडातून निघून गेलं, "आत या, भाऊ."

तेव्हापासून उंबऱ्यावर तांब्या भरून ठेवतो. संध्याकाळी बघतो तर रिकामा असतो.

ऊन फार असतं आमच्याकडे. आटत असेल...