सात नंबरची नोंद

शुक्रवारी सकाळी साडेदहाला साहत मार्बुनने बारा लाइफ जॅकेटं तपासली. म्हणजे कशी? खुर्चीतून न उठता. समोर नोंदवही, हातात पेन, शेजारी कोपीचा, म्हणजे तिथल्या कॉफीचा, ग्लास. पहिल्या रकान्यात 'सुरुवातीचा दाब: दोन', दुसऱ्यात 'चार तासांनंतरचा दाब: दोन', तिसऱ्यात 'घट: शून्य'. असं बारा वेळा. खाली सही, सहीवर शिक्का. कोपी निवायच्या आत काम फत्ते.

जॅकेटं मागच्या खोक्यात घडी घालून पडली होती तशीच पडली होती. खरी रीत अशी, की ती फुगवून दोरीला टांगायची, चार तास हात लावायचा नाही, मग गेज लावून हवा किती गळली ते बघायचं. पण बाताम बेटाच्या विमानतळाकडेच्या त्या पत्र्याच्या वर्कशॉपमध्ये साहत एकोणीस वर्षं नोंदी ठेवत होता, आणि एकोणीस वर्षांत त्याच्या वहीत एकही जॅकेट गळलं नव्हतं. याचा त्याला अभिमान होता बरं का! असल्या माणसांची मला शिसारी येते. वस्तू कुजली तरी चालेल, कागदावर खाडाखोड नको.

"पाक साहत, हे कधी तपासलंत?" माक जुरियाने विचारलं. ती तिथली हवा भरणारी बाई, पन्नाशी उलटलेली, बेटांवरच्या कोळ्यांतली. पुरुषांना मानाने 'पाक' म्हणतात, तसं वयाला मान म्हणून सगळे तिला 'माक', म्हणजे आई म्हणत. साहतही म्हणे, पण त्याच्या तोंडी ते शिवीसारखं वाजे.

"आत्ताच. तुमच्या डोळ्यांदेखत."

"मी तर एकही फुगवलं नाही."

"मग काय आभाळ कोसळलं? दोनला गाडी न्यायला येणार, चारला विमान सुटणार. तुमचे चार तास भरायला ते काय तुमच्या नवऱ्याची होडी आहे, भरतीची वाट बघत थांबायला?"

"त्याच विमानाने तुमची लामरिया जायचीय ना?"

लामरिया ही त्याची एकुलती एक मुलगी. लेतुंग बेटावरच्या शाळेत शिकवायची, सुट्टी संपवून परत निघाली होती. दीड तास नुसतं पाण्यावरून जायचं.

"जायचीय. मग?" साहत हसला. "माक, हे जॅकेट अंगात घातलेला एक तरी माणूस आयुष्यात पाहिलात? सीटखाली ठेवायची वस्तू आहे ती. विमान पडलेलं कुणी बघितलंय? तुम्ही आपलं फुंकायचं काम करा, लिहायचं आम्ही बघतो."

जुरियाने डोक्यावरचा रुमाल नीट केला, केळीच्या पानातला भात उचलला आणि बाहेर जाऊन बसली.

बाराला वर्कशॉपमधले बाकीचे दोघे कामगार शुक्रवारच्या नमाजाला गेले. साहत ख्रिस्ती, तो एकटाच आत राहिला. पत्रा तापून कडकड वाजत होता. आत रबराचा आणि शंखजिऱ्याच्या पावडरीचा वास कोंडला होता. त्याने पाय टेबलावर टाकले, डोळे मिटले.

तेव्हा त्याला फुंकर ऐकू आली.

एक फुंकर. मग थांबणं. मग दुसरी. दमलेलं माणूस चूल फुंकतं, तशी. आवाज खोक्यातून येत होता. साहत उठला, आणि त्याच्या डोळ्यांसमोर खोक्याचं झाकण बोटभर वर उचललं गेलं.

सात नंबरचं जॅकेट पाकिटातून अर्धं बाहेर आलं होतं आणि फुगत होतं.

'ही त्या म्हातारीची कारागिरी,' पहिला विचार हाच आला. त्याने गॅसची नळकांडी पाहिली, तिचं सील शाबूत. मग हवा आली ती तोंडाने फुंकायच्या लाल नळीतूनच. त्याने नळीची झडप दाबून जॅकेट छातीशी आवळलं. हवा त्याच्या मनगटावर आली. गरम होती, दमट होती, आणि तिला समुद्राचा वास होता. मनगट ओलं झालं.

"हरामखोर," तो पुटपुटला. कुणाला, ते त्याचं त्यालाच कळलं नाही. घडी घातली, पाकिटात कोंबलं, वर जाडजूड वही ठेवली.

वही हलली... घसरली... आणि खाली पडली.

 साहतचा हात सवयीने गेजकडे गेला. गेज लावलं. काटा दोनवर होता. फुंकर आली की काटा केसभर पुढे सरके, थांबे, पुन्हा सरके. त्या नळीला कुणाचंही तोंड लागलेलं नव्हतं.

"बाजूला व्हा," मागून जुरिया म्हणाली. ती केव्हा आली, त्याला कळलं नव्हतं.

"माक, शपथ घेऊन सांगा... तुम्ही काही केलंत?"

 जुरिया जॅकेटला कान लावून बसली. मग हळूच म्हणाली, "थोडाच दम उरलाय कुणाचा तरी. तो सगळा यात ओततंय."

"कोण?"

"ते मला काय ठाऊक? बाकीची अकरा काढा. आत्ता."

आणि पाक साहत, ज्यांच्या खिजगणतीत ती फुंकणारी बाई कधी नव्हती, निमूट अकरा जॅकेटं काढून देऊ लागले. दोघांनी ती फुगवून दोरीला टांगली. अर्ध्या तासात पाच जॅकेटं लुळी पडून लोंबू लागली. शिवणी विरल्या होत्या, बोट लावलं की भुसा निघत होता. साहत त्या पाच जॅकेटांकडे बघत राहिला. त्यातलं कुठलं लामरियाच्या सीटखाली गेलं असतं, हा हिशोब त्याच्या मनात आला.

गाडी त्याने रिकामी परत पाठवली. जॅकेटांवाचून पाण्यावरून उड्डाण होत नाही, विमान दुसऱ्या दिवसावर गेलं. नोंदवहीचं पान त्याने फाडलं आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा गेज बघून आकडे लिहिले. पाच जॅकेटं बाद. सहा ठीक. सात नंबरला: सुरुवातीला दोन, चार तासांनंतर दोन पूर्णांक सहा. 'घट' या रकान्यात काय लिहावं ते त्याला सुचेना. शेवटी त्याने लिहिलं, 'वाढ'.

संध्याकाळी पाचला मोठे साहेब, पाक हेंद्रवान, तणतणत आले. उभ्याउभ्याच पान वाचलं.

"पाच बाद, ठीक. भांडारातून पाच नवी द्या. पण हे काय? दाब वाढला? हवा काय आत पिल्लं घालते?"

"मी स्वतः पाहिलं, साहेब. वाटलं तर तुम्ही कान लावा..."

"अरे, आजवर तुमच्या नोंदी किती स्वच्छ असायच्या! आणि आज खुर्चीत बसून आकडे मारायला लागलात?"

खोटी पानं एकोणीस वर्षं खपली, आणि आयुष्यातलं एकुलतं एक खरं पान साहेबांना बनावट वाटलं. 

"सातवं बाजूला ठेवू, साहेब. पाया पडतो."

"रकाना कशाचा आहे? घटीचा. घट झाली? नाही ना? मग पास." साहेबांनी 'वाढ' खोडलं, 'शून्य' लिहिलं आणि शिक्का मारला. जॅकेटाकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

रात्री घरी साहतने लामरियाला परोपरीने विनवलं. उद्या जाऊ नकोस, पुढच्या आठवड्यात बोटीने जा.

"बापा, वेड लागलंय का तुम्हाला?" ती बॅग भरता भरता म्हणाली. "विमान पडलेलं कुणी बघितलंय? तुमचंच तर वाक्य."

शनिवारी नऊला विमान सुटलं. साहत वर्कशॉपमध्ये येऊन बसला. त्याने वही उघडली नाही, कोपीला तोंड लावलं नाही. साडेदहा वाजले. पावणेअकरा. जुरिया शेजारी स्टूल ओढून बसली होती, तेवढाच काय तो आधार.

अकरा वाजून चार मिनिटांनी फोन वाजला.

"बापा, पोचले!"

साहतच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. त्याने फोनचा आवाज मोठा केला, जुरियालाही ऐकू यावा म्हणून. दोघं वेड्यासारखी हसली. लामरिया बोलतच होती, "आणि काय सांगू, पूर्ण वेळ माझ्या सीटखाली काहीतरी सूं सूं करत होतं आणि खारट वास येत होता म्हणून मी वाकून बघितलं तर ते सात नंबरचं जॅकेट टम्म फुगलेलं आणि त्याची लाल नळी माझ्याकडे वळलेली आणि मी अशी तोंडाजवळ नेली तर ते एकदम रिकामं झालं पार चपटं झालं आणि मग इतकं बरं वाटलं बापा की विमानतळापासून टेकडीवरच्या शाळेपर्यंत पळत चढले एकदासुद्धा थांबले नाही न्यायला आलेली मुलं दमून मागे राहिली आणि शाळेतल्या मावशींनी सुकी मासळी तळलीय आणि खिडकीतून सगळं पाणी दिसतंय आणि..."

जुरियाचं हसू आधी मावळलं. तिने साहतच्या दंडाला धरलं.

"पाक..." ती कुजबुजली. "ती मधे थांबत नाहीये."

साहतने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अकरा वाजून नऊ मिनिटं. फोनमधून लामरियाचा आवाज एकसारखा येत होता, कुठे खंड नाही, कुठे धाप नाही, दोन शब्दांच्या मधे केसाएवढी फट नाही.

"लामरिया," तो म्हणाला.  "पोरी... जरा थांब. श्वास घे."

"कशाला, बापा?" ती हसली, आणि पुढे बोलत राहिली.